टाके निघाले म्हणजे हात बरा झाला असे नाही

हाताचे ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला वस्तीतले लोक येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "टाके निघाले का?" टाके निघाले की घरच्यांच्या जिवात जीव येतो. दवाखान्याची फाईल ट्रंकेत जाते, गळ्यातली झोळी खुंटीला लागते आणि माणूस कामाच्या विचाराला लागतो. दोन-तीन महिन्यांनी कळते की मूठ पुरी वळत नाही. बोटे अर्ध्यात अडकतात. कोयता धरवत नाही, भाकरी थापताना तळवा नीट उघडत नाही, शर्टाचे बटण लागत नाही. मग घरात दोन वाक्ये ऐकू येतात. एक, "डॉक्टरने ऑपरेशन बिघडवले." दुसरे, "आपल्या नशिबातच होते."

नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन मी बरीच वर्षे वॉर्डात काम केले. आता सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वस्त्यांमध्ये फिरते. आखडलेले हात घेऊन जी माणसे मला भेटतात, त्यांच्या बाबतीत ही दोन्ही वाक्ये बहुतेक वेळा खरी नसतात. ऑपरेशन ठीक झालेले असते. वाया गेलेले असतात ते त्यानंतरचे तीन महिने. ते वाया जाण्यात रुग्णाचा आळस थोडा आणि व्यवस्थेचा कानाडोळा फार असतो. म्हणून आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हाताचे निम्मे ऑपरेशन थिएटरमध्ये होते आणि निम्मे घरात होते, ही पहिली. आणि घरात होणाऱ्या त्या निम्म्या उपचाराला मदत मिळणे हा उपकार नाही, हक्क आहे, ही दुसरी.

हे हात कोणाचे आहेत?

आपल्या दोन जिल्ह्यांत हाताला इजा कुठे होते ते पाहा. उसाच्या फडात डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्या हाताने कोयता मारायचा. घाव चुकला की डाव्या हाताची बोटे जातात. कडबाकुट्टीत वैरण सारताना बोटे आत ओढली जातात. गुऱ्हाळाच्या चरकात ऊस घालताना हात अडकतो. मळणी यंत्र आहे, विट्याचे यंत्रमाग आहेत, कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतले पॉवर प्रेस आहेत. तासगावच्या द्राक्षबागेत छाटणीची कात्री लागते. जखम लहान दिसते, पण पू होऊन तळहातापर्यंत पसरला की तिचेही ऑपरेशन होते. कचरा उचलणाऱ्या आपल्या सफाई कामगार भावाबहिणींना काच आणि सुया लागतात.

ज्याच्याकडे जमीन आहे त्याचा हात आखडला तरी सातबारा त्याच्या नावावर राहतो. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याचा हात हाच त्याचा सातबारा. म्हणून हाताचा प्रश्न हा आपल्या वस्तीसाठी रोटीचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्यावर नशिबाचा शिक्का मारणे आपल्याला परवडणारे नाही. आपण कार्यकारणभाव मानणारी माणसे आहोत. हात आखडतो त्याला कारणे आहेत, आणि बहुतेक कारणांवर वेळेत उपाय करता येतो.

हात आखडतो कसा?

पहिले कारण सूज. जखम आणि ऑपरेशननंतर हातात पाणी साचते. हे नुसते पाणी नसते, त्यात प्रथिने असतात. सूज उतरली नाही तर ती प्रथिने सांध्यांभोवती आणि कंडरांभोवती डिंकासारखी घट्ट बसतात. कंडरा म्हणजे बोट वाकवणारी आणि सरळ करणारी पांढरी दोरी. बोलीत आपण तिलाही 'शीर'च म्हणतो. ही दोरी आपल्या नळीतून पुढे-मागे सरकली पाहिजे. ती शेजारच्या मांसाला चिकटली की सांधा चांगला असूनही बोट वाकत नाही.

दुसरे कारण, हात चुकीच्या स्थितीत बांधून ठेवणे. बोटे तळहाताला जिथे जोडलेली असतात, त्या सांध्यांचे बंध सांधा सरळ असताना सैल असतात आणि वाकलेला असताना ताणलेले. म्हणून हे सांधे कित्येक आठवडे सरळ ठेवले की बंध आखूड होतात आणि मग मूठ वळत नाही. बोटांच्या मधल्या सांध्यांचे उलटे आहे. ते वाकलेले राहिले तर वाकडेच होतात. यासाठीच डॉक्टर अनेकदा मनगट किंचित मागे, तळहाताजवळचे सांधे वाकवून आणि बोटे सरळ अशा स्थितीत स्प्लिंट लावतात. ती स्थिती अवघडलेली दिसते, पण तिच्यामागे विचार असतो. "त्रास होतो" म्हणून स्प्लिंट घरी वाकवू नका किंवा काढून ठेवू नका.

तिसरे कारण व्रण. व्रण सुरुवातीचे काही महिने आकसत जातो. तो तळहाताच्या बाजूला असेल तर बोटाला आत ओढतो.

चौथे कारण भीती. दुखते, म्हणून हलवायचे नाही. हलवले नाही म्हणून आखडते, आखडले म्हणून आणखी दुखते. या चक्रातून रुग्ण एकटा बाहेर पडत नाही, त्याला कोणीतरी हात द्यावा लागतो.

पहिले तीन महिने

प्रत्येकाचे ऑपरेशन वेगळे असते, त्यामुळे कोणते बोट कधी हलवायचे हे तुमच्या सर्जननेच सांगितले पाहिजे. तरी काही गोष्टी जवळजवळ सगळ्यांना लागू आहेत.

पहिले काही दिवस हात हृदयाच्या वर ठेवा. बसल्यावर हात उशीवर, झोपताना हात दोन उशांवर. गळ्यातली झोळी फक्त चालताना वापरा, आणि तिच्यात पंजा कोपरापेक्षा खाली लोंबू देऊ नका. दिवसभर झोळीत हात ठेवल्याने खांदा आणि कोपरही आखडतात. ज्यांच्या मनगटावर ऑपरेशन झाले त्यांचा खांदा जाम झालेला मी अनेकदा पाहिला आहे. मनाई नसेल तर खांदा, कोपर आणि मोकळी असलेली बोटे पहिल्या दिवसापासून हलवा. एका बोटाला इजा झाली म्हणून पाचही बोटे गुंडाळून बसू नका. बांगड्या, अंगठी, हातातला दोरा जखम झाल्याबरोबर काढा. सूज आल्यावर त्या निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडतात.

कंडरा शिवलेली असेल तर काळजी दुहेरी आहे. शिवलेली दोरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सर्वांत कच्ची असते. जोर लावला तर तुटते, अजिबात हलवली नाही तर चिकटते. म्हणून फिजिओथेरपिस्ट स्प्लिंटच्या आत, ठरावीक मर्यादेत, हलकी हालचाल शिकवतात. साधारणपणे सहा आठवडे स्प्लिंट राहते, त्यानंतर हलकी कामे सुरू होतात आणि जड कामाला बारा आठवडे थांबावे लागते. बादली उचलणे, कोयता धरणे, हँडपंप मारणे हे सगळे जड काम आहे. "जरासे उचलले तर काय होते" म्हणून आठव्या-दहाव्या दिवशी उचललेली कळशी शिवलेली कंडरा तोडू शकते. हाड मोडून तारा घातल्या असतील तर त्या बहुधा तीन ते सहा आठवड्यांत काढतात. तारेची टोके कोरडी आणि स्वच्छ ठेवा, त्यांवर हळद, चुना, तंबाखू किंवा कॉफी काहीही लावू नका.

व्यायामाची परवानगी मिळाल्यावर हाताच्या पाच आकृत्या लक्षात ठेवा. एक, सगळी बोटे सरळ. दोन, आकडा: तळहाताजवळचे सांधे सरळ आणि पुढची पेरे वाकवलेली. तीन, पूर्ण मूठ. चार, छप्पर: बोटे सरळ ठेवून तळहातापाशी काटकोन. पाच, सपाट मूठ: बोटांची टोके तळहाताच्या बुडाला टेकलेली, पण शेवटचे पेर सरळ. प्रत्येक आकृती सावकाश दहा वेळा, जागेपणी दर दोन-तीन तासांनी. सकाळी एकदाच तासभर करून उपयोग नाही. हाताला थोडे थोडे पण वारंवार लागते.

किती दुखले तर चालेल, हे सगळे विचारतात. व्यायामानंतरचा ठणका अर्ध्या तासात शांत झाला तर ठीक. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर तुम्ही जास्त केले, थोडे कमी करा. पण पूर्ण बंद करू नका.

जखम पूर्ण मिटल्यावर, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून व्रणावर खोबरेल तेल लावून अंगठ्याने गोल गोल, थोडे दाबून चोळा. दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटे. व्यायामाआधी दहा मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवला तर सांधे सैल होतात. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासा. पुढे ताकदीसाठी महागडी साधने लागत नाहीत. कणकेचा गोळा दाबणे, पाण्यात स्पंज पिळणे, परातीतल्या ज्वारीत हात खुपसून दाणे मुठीत घेणे, चिमट्याने कपडे वाळत घालणे, एकेक तांदूळ उचलणे ही सगळी आपल्या स्वयंपाकघरातली फिजिओथेरपी आहे.

एक काम मात्र करू नका. आखडलेले बोट चोळून, ओढून, कडकन मोडून "सोडवून" देणाऱ्याकडे जाऊ नका. शिवलेली कंडरा तुटते, कच्चे हाड सरकते आणि सूज नव्याने येते. जोराने हात सुटत नाही, सातत्याने सुटतो.

बधिर बोट आणि मिश्री

कोयत्याच्या किंवा यंत्राच्या घावात संवेदना नेणारी नसही तुटते. ती शिवली तरी दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे तीन सेंटिमीटर वाढते. मनगटाला तुटलेली नस बोटाच्या टोकापर्यंत पोचायला पाच-सहा महिने किंवा जास्त लागतात. तोवर बोट बधिर असते. बधिर बोट चुलीवर, तव्यावर, गरम भांड्याला भाजते आणि कळतही नाही. अशा हाताने स्वयंपाक करायचा नाही. करावाच लागला तर फडके धरून आणि डोळ्यांनी पाहून.

आपल्या आयाबहिणींना मिश्रीबद्दल आणि बांधवांना तंबाखू-बिडीबद्दल सांगायला मला संकोच वाटत नाही. तंबाखू कोणत्याही रूपात घेतली तरी बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम उशिरा भरते. निदान हे तीन महिने तरी ती सोडा. साखरेचा आजार असेल तर गोळ्या चुकवू नका. साखर वाढलेली असली की जंतुसंसर्ग लवकर होतो आणि हातही जास्त आखडतो.

कधी थांबायचे नाही?

काही लक्षणे दिसली की "सकाळी बघू" म्हणायचे नाही.

प्लास्टर किंवा पट्टी घट्ट होऊन बोटे पांढरी, निळी किंवा गार पडली, बधिर झाली, किंवा बोट दुसऱ्याने सरळ करताना असह्य कळ आली, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. प्लास्टर कापून सैल करणे हे काही तासांत व्हायचे काम आहे. उशीर झाला तर आतले स्नायू मरतात आणि हात कायमचा वाकडा होतो.

जखमेतून पू, घाण वास, ताप, हातावर वर चढत जाणारी लाल रेघ ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. कंडरा शिवल्यानंतर अचानक "कट" असे जाणवले आणि काल वाकणारे बोट आज वाकेना झाले, तर कंडरा तुटली असे समजून त्याच दिवशी जा. लवकर गेलात तर पुन्हा शिवता येण्याची शक्यता जास्त असते.

आणखी एक आजार आहे, तो फार वेळा 'नाटक' समजला जातो. जखम भरत आलेली असते, पण हात आगीसारखा जळतो. हलकासा स्पर्शही सहन होत नाही. हात सुजतो, चकाकतो, त्याचा रंग बदलतो, कधी गरम तर कधी गार लागतो, एकाच हाताला घाम येतो. डॉक्टर याला सीआरपीएस म्हणतात. हा मनाचा खेळ नाही, नसांच्या यंत्रणेतला खरा बिघाड आहे. लवकर ओळखला तर औषधे आणि हळूहळू वाढवलेल्या हालचालीने बरेच सुधारते. घरात सून किंवा मजूर भाऊ असे सांगत असेल तर "कामचुकारपणा" म्हणू नका, दवाखान्यात न्या.

घरातल्या कामाची वाटणी

पुरुषाचा हात ऑपरेट झाला की बायको त्याला भरवते, अंघोळ घालते, त्याचे कपडे धुते. बाईचा हात ऑपरेट झाला की तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्या हाताने भांडी घासत असते, आणि दहाव्या दिवशी दोन्ही हातांनी. पट्टी भिजते, जखम चिघळते, व्यायामाला वेळ उरत नाही. मग तिचा हात आखडला की म्हणायचे, "हिने काळजी घेतली नाही."

समतेची भाषा आपण सभेत बोलतो. तिची परीक्षा चुलीपाशी होते. तीन महिने घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी पाणी भरावे, भाकरी कराव्यात, कपडे पिळावेत. भगवान बुद्धांनी दुर्लक्षित, आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हाताने केली, ही कथा आपण विहारात ऐकतो. ती घरातल्या आजारी बाईलाही लागू होते. वस्तीतल्या महिला मंडळाला माझे सांगणे आहे की टाक्यांची चौकशी करून परत फिरू नका. "मूठ वळते का? दाखव बघू," असे विचारा, आणि वळत नसेल तर दवाखान्यात सोबत जा.

आखडला म्हणजे संपला असे नाही

हात आखडून सहा महिने झाले, वर्ष झाले, तरी प्रयत्न सोडू नका. सांध्याचा कडकपणा कित्येकदा नेमाने व्यायाम आणि रोज थोडा थोडा ताण देणारा स्प्लिंट यांनी कमी होतो. त्याने भागले नाही तर चिकटलेली कंडरा मोकळी करण्याचे किंवा सांध्याचा आखूड बंध सोडवण्याचे ऑपरेशन असते. ते घाईने करत नाहीत. व्रण मऊ पडेपर्यंत, बहुधा तीन ते सहा महिने, थांबतात. पण त्यानंतर लगेच व्यायाम सुरू करण्याची तयारी नसेल तर ते ऑपरेशन करून घेऊ नका, कारण हात पुन्हा चिकटतो.

हे शक्य आहे याचा इतिहास आपल्या देशातच आहे. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या वाकड्या हातांवर कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. ज्यांना समाजाने शिवायचे नाकारले होते, त्या माणसांचे हात पुन्हा काम करू लागले. तिथेही नुसत्या सुरीने हात सुटला नाही. ऑपरेशनआधी आणि नंतर कित्येक आठवडे रुग्णांकडून व्यायाम करून घेतले गेले. मूठ सोडवायला सर्जन जितका लागतो तितकाच शिकवणारा माणूस लागतो, हा त्यातला धडा. मिरजेला १८९४ साली डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल सुरू झाले, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्याला जिल्हा रुग्णालय आणि आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे. सर्जन आपल्यापासून फार लांब नाहीत. लांब आहे ती ऑपरेशननंतरची शिकवण.

पैसा आणि कायदा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाताच्या अनेक ऑपरेशनांचा खर्च निघतो. पण योजनेच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा सर्वसाधारणपणे दहा दिवसांचा धरलेला असतो. हात सुटायला लागतात बारा आठवडे. दहा दिवस आणि बारा आठवडे यांच्यामधल्या दरीत आपल्या माणसांचे हात आखडतात. खासगी फिजिओथेरपीची फी आणि बुडालेली मजुरी एकत्र केली की मजूर तिसऱ्या खेपेला जातच नाही. ज्या फुल्यांचे मूळ गाव साताऱ्यातले कटगुण, त्यांच्या नावाच्या योजनेने शेतमजुराचा हात अर्ध्यावर सोडू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

कामावर हात गेला असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात एक तक्ता आहे. त्यात कमाईच्या क्षमतेची हानी अंगठा गेल्यास ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के धरली आहे. त्याच तक्त्याखाली एक टीप आहे, ती फार थोड्यांना माहीत असते: एखादा अवयव कायमचा आणि पूर्णपणे निकामी झाला तर तो अवयव गेल्यासारखाच धरायचा. म्हणजे बोट हाताला आहे, पण कायमचे निकामी झाले, तरी भरपाई मागता येते. बोट काही प्रमाणात आखडले असेल तर डॉक्टरांनी टक्केवारी ठरवायची. २००९ च्या दुरुस्तीने उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर टाकला. फिजिओथेरपी हाही उपचारच आहे, तिची प्रत्येक पावती जपा. विजेवर किंवा इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने शेतकाम करणारा मजूरही या कायद्यात येतो. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला आहे. दाव्याला मुदत असते, म्हणून अपघाताची नोंद त्याच दिवशी करा आणि "साहेब बघतील" या शब्दावर महिने घालवू नका.

पगारातून ईएसआय कापले जात असेल तर कामावरच्या इजेसाठी रजेच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, आणि कायमचे अपंगत्व राहिले तर वैद्यकीय मंडळाच्या टक्केवारीप्रमाणे दरमहा लाभ मिळतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, प्रा. अडारकर यांचा कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. हे मागणे म्हणजे भीक नाही. आपल्याच चळवळीच्या घामाने मिळालेली ही चीज आहे.

एक अन्याय मात्र उघड बोलला पाहिजे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना हात गमावलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला मदत देते. त्यासाठी सातबारा लागतो. त्याच शेतात, त्याच कडबाकुट्टीवर हात गेलेल्या भूमिहीन मजुराला ती योजना विचारत नाही. यंत्र सातबारा बघून बोटे कापत नाही, मग मदत सातबारा बघून का?

उपचार संपून हाताची अवस्था स्थिर झाल्यावरही कमतरता राहिली, तर जिल्हा रुग्णालयात तपासणी करून युडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अनेक सवलती ४० टक्क्यांपासून मिळतात. कार्ड काढण्यात कमीपणा काही नाही.

डिस्चार्जच्या आधी हे पाच प्रश्न

दवाखान्यातून निघण्यापूर्वी हे प्रश्न विचारा आणि उत्तरे फाईलवर मराठीत लिहून घ्या. माझ्या हाताचे नेमके काय शिवले किंवा जोडले आहे? कोणती बोटे आजपासून हलवायची आणि कोणती नाहीत? स्प्लिंट किती आठवडे, आणि रात्रीही का? फिजिओथेरपिस्टला कधी आणि कुठे भेटायचे? जड कामाला कोणत्या तारखेनंतर जायचे? डॉक्टर घाईत असतील तर सिस्टरला विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाटेवरून उठू नका. हे उद्धटपण नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, त्यात आपल्या शरीराबद्दल शिकणेही आले.

आणि सरकारकडे आपली मागणी एवढीच असावी. प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस हाताच्या फिजिओथेरपीचा असावा. फुले योजनेत हाताच्या ऑपरेशननंतरचे बारा आठवडे धरले जावेत, त्यात स्प्लिंट आणि येण्याजाण्याचे भाडेही असावे. भूमिहीन मजुराला शेतकऱ्याइतकीच अपघाती मदत मिळावी. या तीन मागण्यांचे निवेदन प्रत्येक वस्तीतून जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे जाऊ द्या. त्याखाली वस्तीतल्या हात आखडलेल्या प्रत्येकाची सही हवी. ज्यांना पेन धरवत नाही त्यांचा अंगठा घ्या, आणि तो का घ्यावा लागला हेही शेजारी लिहा.

जय भीम.